बिऱ्हाड निघालं घाटाखाली

दोस्तांनो, 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण तुम्ही मराठीच्या पुस्तकात वाचलीच असेल. परीक्षेत तिचा अर्थही लिहिला असेल. दोन गुण मिळाले की आपण ती विसरून जातो. पण खरंच घर पाठीवर घेऊन निघायचं म्हटलं, तर काय काय लागेल? स्वयंपाक कुठं करायचा? अंथरूण कुठं टाकायचं? आणि सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे, रात्र झाली की थांबायचं कुणाच्या दारात?

आज आपण अशी दोन-तीन बिऱ्हाडं बघणार आहोत. एक आहे पार युरोपच्या उत्तर टोकाला. दुसरं मात्र आपल्या वडगाव, कामशेत, लोणावळ्यावरून दरवर्षी जातं. गंमत म्हणजे निघायची वेळ दोघांचीही जवळजवळ एकच. तिकडं उन्हाळा संपून बर्फ पडायच्या आधीचे दिवस, आणि आपल्याकडं पाऊस संपून थंडी पडायच्या आधीचे दिवस. म्हणजे आपला शरद ऋतू!

चाकांवरचं घर

आधी भूगोलाची नकाशावही काढा बघू. लोणावळा साधारण पावणेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. आता बोट वर वर न्या. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड हे तीन देश दिसतील. साडेसहासष्ट अंशाच्या जरा वर उत्तर ध्रुववृत्त या देशांना ओलांडून जातं. त्याच्याही वर, एकाहत्तर अंशांवर, नॉर्वेमधल्या एका बेटावर नॉर्डकाप नावाचा उंच कडा आहे. त्या बेटावर गाडीनं जाण्यासाठी समुद्राच्या तळाखालून बोगदा खणलेला आहे. तो १९९९ मध्ये सुरू झाला.

या भागात फिरायला पुष्कळ लोक मोटारहोम घेऊन जातात. मोटारहोम म्हणजे टेम्पोएवढी किंवा लहान बसएवढी गाडी, पण आत अख्खं घर! पुढं ड्रायव्हरची जागा, मागं पलंग, मध्ये टेबल. दिवसा त्याच्या बाजूची बाकं बसायला, रात्री तीच जोडून झोपायला. गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, कपाटं, बेसिन आणि एक चिमुकलं न्हाणीघर. प्यायच्या पाण्याची टाकी साधारण शंभर लिटरची. आता घरी आईला विचारा, आपल्याकडं रोज किती बादल्या पाणी लागतं? मग कळेल, शंभर लिटर किती जपून वापरावं लागत असेल!

सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडचा डोंगर रंग बदलतो. बर्च नावाच्या झाडांची पानं पिवळीधमक होतात, जमिनीलगतची झुडपं लालभडक. फिनलंडमधल्या लोकांनी या रंगांच्या दिवसांना वेगळं नावच दिलंय, 'रुस्का'. रात्री आकाश स्वच्छ असेल तर हिरवट प्रकाशाचे पडदे हलताना दिसतात. तो उत्तरध्रुवीय प्रकाश.

पण हा प्रवास रमतगमत करायचा नसतो, बरं का. दिवस भराभर लहान होत असतात. आपल्याकडं या दिवसांत दिवस रोज जेमतेम एका मिनिटानं लहान होतो. तिकडं सत्तर अंशांजवळ तो रोज आठ-दहा मिनिटांनी लहान होतो. म्हणजे आठवड्याभरात तासाभराचा उजेड कमी! उन्हाळ्यात उघडी असलेली तळांची जागा एकेक करून बंद होऊ लागते. रात्री पाणी गोठलं, की टाकी आणि नळ फुटायची भीती. रस्त्यावर बर्फ धरू लागतं. नॉर्वेच्या उत्तर भागात १६ ऑक्टोबरपासून खिळे बसवलेले टायर वापरायला कायद्यानं परवानगी आहे. यावरूनच ओळखा, तिथला हिवाळा किती लवकर दाराशी येतो.

आणि रस्त्यात मध्येच उभे असतात रेनडिअर! वळण घेतलं की समोर कळप. उत्तर स्वीडनमध्ये रस्त्याकडेच्या खांबाला काळी प्लास्टिकची पिशवी बांधलेली दिसली, की जाणकार ड्रायव्हर वेग कमी करतो. ती कचऱ्याची पिशवी नसते. 'जपून हो, आमची जनावरं जवळपास आहेत', असा तो रेनडिअरवाल्यांचा निरोप असतो.

घर चाकांवर घालून नेण्याची सगळ्यात मोठी करामतही याच भागात झाली. उत्तर स्वीडनमध्ये किरुना नावाचं गाव आहे. त्याखाली लोखंडाच्या कच्च्या धातूची प्रचंड खाण. खाण वाढत गेली, गावाखालची जमीन खचू लागली, म्हणून गावच हलवायचं ठरलं. १९१२ मध्ये बांधलेलं तिथलं लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये न मोडता, आख्खंच्या आख्खं उचललं, चाकांच्या गाड्यांवर ठेवलं आणि दोन दिवसांत पाच किलोमीटर दूर नेलं. वजन ६७२ टन! त्यासाठी रस्ता आधी रुंद करावा लागला. माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू, पण देवाचं घर निघालं आणि पोचलं.

रात्री थांबायचं कुठं?

मोटारहोममध्ये सगळं असतं, फक्त एक गोष्ट नसते. ती म्हणजे जमीन. चाकांखालची जमीन कुणाची तरी असतेच. मग रात्री गाडी उभी करायची तर कुणाला विचारायचं?

नॉर्वे आणि स्वीडनमध्ये एक फार जुनी रीत आहे. शेत किंवा कुणाचं अंगण नसलेल्या मोकळ्या रानात कुणीही पायी हिंडावं, रानातली फळं खावीत, रात्र काढावी. रान कुणाच्या मालकीचं असलं तरी चालेल. नॉर्वेनं १९५७ मध्ये या रीतीचा कायदा केला. माणसं राहत असलेल्या घरापासून किमान १५० मीटर लांब तंबू ठोकायचा, सहसा दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं नाही, आणि काही नासधूस करायची नाही. मालकाची परवानगी लागत नाही. मात्र ही मोकळीक पायांना आहे, चाकांना नाही. मोटारहोम रानात घुसवता येत नाही. तिनं रस्त्याच्या कडेला, नेमलेल्या जागीच उभं राहायचं.

आपल्याकडंही महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरॅव्हॅन म्हणजे असंच चाकांवरचं घर. त्या धोरणातही गाड्यांबरोबर गाड्या थांबवायच्या तळांचा विचार करावाच लागला. घर कितीही फिरतं असो, रात्री त्याला जागा लागतेच.

आता ही गोष्ट लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर परत मावळात या. कारण आपल्या इथून जाणाऱ्या बिऱ्हाडाला ना चाकं आहेत, ना टाकी, ना तसा कायदा. तरी ते पिढ्यानपिढ्या जातंय.

घोड्यावरचं घर

दसरा-दिवाळीच्या सुमारास जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर किंवा आतल्या गावरस्त्यांवर तुम्ही हे दृश्य पाहिलं असेल. पुढं चार-पाच घोडी. त्यांच्या पाठीवर इतकं सामान, की घोड्याचे फक्त पाय आणि तोंड दिसावं. सामानाच्या वर एखादं लहान मूल मजेत बसलेलं. बरोबर डोक्यावर पदर घेतलेल्या बायका आणि दोन-तीन कुत्री. आणि मेंढ्यांचा कळप, अंगावर काळपट लोकर, खाली माना, एकीच्या मागं एक. सोबत खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेले धनगर.

हा धनगरांचा वाडा. वाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पेशव्यांचा दगडी वाडा येतो. पण मेंढपाळांच्या बोलीत एकत्र प्रवास करणाऱ्या काही कुटुंबांच्या तळाला वाडा म्हणतात. भिंती नसलेला, रोज जागा बदलणारा वाडा! वाट कुठली धरायची, मुक्काम कुठं करायचा, हे ठरवायला त्यात एक जाणता माणूस असतो. सगळे त्याचं ऐकतात.

हे लोक येतात फलटण, माण, बारामती, पुरंदर अशा कमी पावसाच्या मुलखातून, आणि जातात घाट उतरून कोकणात. कुणी ताम्हिणीनं उतरतं, कुणी वरंध्यानं, कुणी माळशेजनं. मावळातून जाणारे वाडे लोणावळा-खंडाळ्यावरून बोरघाट उतरून खोपोलीकडं जातात.

पण एवढी यातायात कशासाठी? उत्तर पावसात आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माण-फलटणकडं त्याच्या आठव्या हिश्शाच्या आसपास. मेंढीचं पावसाशी जमत नाही. लोकर भिजते, खूर सडतात, आजार पसरतात. म्हणून पावसाळ्यात मेंढ्या कोरड्या मुलखात. पण पाऊस संपला की तिथलं गवत लवकर वाळतं, पाणी आटतं. त्याच वेळी कोकणात भात कापून झालेलं असतं, खाचरं मोकळी असतात, रानात हिरवा पाला असतो. तेव्हा मेंढ्या चालल्या पश्चिमेला. मग मे महिन्यात आकाशात ढग दिसायला लागले, की पुन्हा घाट चढून घरी. मेंढी आणि पाऊस यांचा हा लपंडाव आहे म्हणा ना!

आता त्या घोड्यावरचं सामान उतरवून बघू या. एक पाल, म्हणजे कापडाचा तंबू. ते उभं करायच्या काठ्या आणि खुंटे. वाघर, म्हणजे दोऱ्यांचं मोठं जाळं. रात्री ते उभं करून आत मेंढ्या आणि कोकरं कोंडायची. घोंगड्या आणि वाकळा. तवा, परात, दोन-तीन पातेली, पाण्याची घागर. पीठ, मीठ, चटणी. चालता न येणारी नवी कोकरं आणि पाय बांधलेल्या एक-दोन कोंबड्या. अलीकडं त्यात मोबाइल आणि उन्हावर चार्ज होणारा दिवाही असतो, आणि काही वाडे सामानासाठी टेम्पोही करतात.

चूल मात्र बरोबर नेत नाहीत. का? जिथं जाऊ तिथं तीन दगड मिळतातच!

रोजचा दिवस असा. सकाळी बायका पाल मोडतात, सामान बांधतात, घोडी लादतात आणि पुढच्या मुक्कामाला निघतात. पुरुष मेंढ्या चारत, वाकड्या वाटेनं, संध्याकाळपर्यंत तिथं पोचतात. तोवर पाल उभं असतं, पाणी भरलेलं असतं, चुलीवर भाकरी भाजली जात असते. रोज घर मोडायचं आणि रोज नवं मांडायचं. आपल्या घरी पाहुणे यायचे म्हणून गाद्या घालायला सांगितल्या, तरी आपण कुरकुरतो, नाही का?

भाडं लेंड्यांचं!

आता तोच प्रश्न. मेंढ्या रात्री बसवायच्या कुठं? शेत तर दुसऱ्याचं.

इथंच खरी हुशारी आहे. मावळात भात कापलं, झोडलं, की खाचर रिकामं होतं. शेतकऱ्याला खत हवं असतं. मेंढपाळाला जागा हवी असते. मग शेतकरी म्हणतो, 'या, माझ्या शेतात मेंढ्या बसवा.' रात्रभर मेंढ्या शेतात बसतात. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं. फुकटचं, दमदार खत! त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो किंवा पैसे देतो. म्हणजे बघा, मोटारहोमवाला जागेचं भाडं भरतो, आणि इथं उलट जागेचा मालकच पाहुण्याला देतो!

थोडं गणित करू या. समजा कळपात ३०० मेंढ्या आहेत आणि एक मेंढी एका रात्रीत अर्धा किलो लेंड्या टाकते. एका रात्रीत किती खत झालं? १५० किलो. तीन रात्री बसवल्या तर ४५० किलो. तेही पोतं न उचलता, ट्रॅक्टर न लावता, आणि मेंढ्याच ते शेतभर पसरून देतात.

या व्यवहाराचा कागद नसतो. शब्द असतो. गेल्या वर्षी ज्याच्या शेतात बसलो, त्याला ओळख असते. 'पोरगी आता केवढी झाली?' अशी चौकशी होते. पुढच्या वर्षी पुन्हा याच, असं सांगून निरोप होतो. नॉर्वेनं जे कायद्यात लिहिलं, ते इथं ओळखीवर चालत आलंय.

तिकडचा वाडा

मघाशी आपण उत्तरेत रस्त्यावर रेनडिअर पाहिले. ते कुणाचे? ते सामी लोकांचे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा एक कोपरा मिळून सामींचा मुलूख होतो. एकत्र हिंडणाऱ्या त्यांच्या कुटुंबांच्या गटाला ते 'सीइदा' म्हणतात. म्हणजे आपला वाडाच की! त्यांच्या तंबूचं नाव लाव्वू. सामान पूर्वी रेनडिअरच्या पाठीवर आणि घसरगाड्यांवर असायचं. आता बर्फावर चालणाऱ्या स्कूटर असतात.

उत्तर नॉर्वेतले कळप उन्हाळ्यात समुद्राकाठी चरतात आणि शरदात आतल्या पठाराकडं निघतात. का? किनाऱ्यावर हिवाळ्यात बर्फ ओलं होऊन पुन्हा गोठतं, त्याचा कडक थर बनतो. आत पठारावर बर्फ कोरडं, भुसभुशीत. रेनडिअर ते खुरांनी उकरतो आणि खालचं दगडफूल खातो. हो, दगडफूलच! आईच्या गोड्या मसाल्यात असतं ना, त्याचेच हे भाऊबंद. मेंढी ओल्यापासून पळते आणि रेनडिअरही ओल्यापासूनच पळतो. एकीला पाऊस नको, दुसऱ्याला गोठलेला चिखल नको.

या सामींच्या वाटेत एकदा देशांच्या सीमा आल्या. १७५१ मध्ये नॉर्वे आणि स्वीडन यांच्यात सीमा आखली गेली. तेव्हा राजांनी करारात एक पुरवणी जोडली. सामींनी शरदात आणि वसंतात आपले कळप घेऊन पूर्वीसारखंच सीमेपलीकडं जावं, कुणी अडवू नये. केवढा समंजसपणा! पण १८५२ मध्ये नॉर्वे आणि फिनलंडमधली सीमा कळपांसाठी बंद झाली. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होतं. ज्यांची हिवाळ्याची कुरणं पलीकडं होती, त्यांची पंचाईत झाली. काहींना तर मुलूखच बदलावा लागला. फिरत्या घराला उपाशी मारायला ते मोडावं लागत नाही. वाटेत एक कुंपण घातलं, की पुरतं.

मावळातली वाट

आपली मावळातली वाट किती जुनी आहे ठाऊक आहे? समुद्रावरच्या बंदरांतून घाट चढून येणारे व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वी याच मुलखातून जायचे. कार्ला, भाजे, बेडसे ही लेणी या वाटांच्या आसपासच आहेत. बेडशाच्या लेण्यात पाण्याचं एक खोदीव टाकं आहे. ते सामडिनिका नावाच्या एका महारठिनीनं दान दिलं, असं तिथं दगडात कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मावळात एका बाईला पाण्याची सोय करून द्यावीशी वाटली, आणि तिचं नाव अजून वाचता येतं.

जुन्या रस्त्यानं बोरघाट उतरताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. लोक सांगतात, इंग्रजांना या डोंगरातून खाली उतरायची वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगरानं ती दाखवली. पुढं त्याचा जीव इंग्रजांनीच घेतला, असंही या लोककथेत येतं. आजही येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथं हात जोडतात. आणि विचार केला तर पटतं. डोंगराचा कुठला उतार सोपा, हे रोज तिथं चालणाऱ्या गुराख्या-मेंढपाळांइतकं आणखी कुणाला कळणार? बोरघाटातली आगगाडी १८६३ मध्ये सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून डोंगरात खुरांची वाट होती.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्यावर जनावरांना आणि पायी चालणाऱ्यांना बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. एवढ्या वेगात कळप आला तर अनर्थ होईल. म्हणून कळप जुन्या रस्त्यानं आणि गावांतून जातात. पण जुन्या रस्त्यावरही गाड्या काही कमी नाहीत. शनिवार-रविवार तर विचारूच नका.

आणि खाचरं? मावळात जागोजागी बंगले झाले, फार्म हाऊस झाली. पूर्वी जिथं भाताचं शेत होतं तिथं हिरवळ आणि तारेचं कुंपण आलं. ज्यानं जमीन विकली तो शेतकरी तिथं नाही, आणि नव्या मालकाला मेंढीचं खत नको असतं. गेल्या वर्षीच्या मुक्कामाला यंदा कुलूप! मग बिऱ्हाड आणखी पुढं जातं. अंधार पडतो. कोकरं ओरडतात. चालून चालून मेंढ्या थकतात. कुठंतरी रस्त्याच्याच कडेला पाल पडतं, आणि रात्रभर कुणीतरी जागं राहतं, गाड्यांच्या दिव्यांकडं बघत.

१८५२ ची सीमा एका दिवसात बंद झाली. इथली वाट हळूहळू, एकेका कुंपणानं अरुंद होतेय. घर बांधायचा हक्क सगळ्यांना आहे, कुंपण घालायचाही आहे. पण पिढ्यानपिढ्या ज्या वाटेनं माणसं गेली, तिच्यावर त्यांना एका रात्रीपुरती जागा उरेल का, हे कुणीतरी विचारायला हवं की नको?

घोड्यावरच्या मुलाची शाळा

मघाशी घोड्यावर एक लहान मूल बसलेलं पाहिलं ना? त्याला हेवा वाटावा अशी सहल घडते, असं तुम्हाला वाटेल. रोज नवं गाव, गृहपाठ नाही! पण थोडं थांबा. त्याची सहा-सात वर्षांची बहीण किंवा भाऊ कुठं असतो? पुष्कळ घरांत शाळेत जाणारी मुलं गावी आजी-आजोबांकडं राहतात. आई-बाबा दिवाळीच्या सुमाराला निघतात, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत. म्हणजे सात-आठ महिने आई-बाबांशिवाय. आणि जी मुलं बरोबर जातात, त्यांची शाळा सुटते. शाळा की आई, असा प्रश्न तुम्हाला कुणी घातला तर?

महाराष्ट्रात स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी 'शिक्षण हमी कार्ड' आहे. ते दाखवून मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. पण ज्यांचं गाव दर चार दिवसांनी बदलतं, त्यांनी कुठल्या शाळेत बसायचं? स्वीडननं १९१३ मध्ये सामी मुलांसाठी हिंडत्या शाळांचा कायदा केला होता. लहान मुलांना तंबूसारख्या झोपड्यांत शिकवायचे. ऐकायला छान वाटतं ना? पण त्या शाळांत मुद्दाम कमी शिकवलं जायचं. रेनडिअर राखणाऱ्यांच्या मुलांना एवढंच पुरे, असं वरच्या लोकांनी ठरवून टाकलं होतं. शाळा मुलांमागं गेली हे चांगलं झालं. पण शाळेनं मुलांना कमी लेखलं, हे वाईट झालं. आपण हे दोन्ही लक्षात ठेवू.

तुमच्यासाठी आणि आई-बाबांसाठी

या दिवसांत लोणावळ्याला जायचा बेत असेल, तर जुन्या रस्त्यावर कळप भेटू शकतो. तेव्हा बाबांना सांगा, हॉर्न वाजवू नका. हॉर्ननं मेंढ्या बिथरतात आणि नेमक्या गाडीसमोर येतात. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, पाच मिनिटं कळप जाऊ द्या. अंधार असेल तर प्रखर दिवे खाली करा. तिकडचा ड्रायव्हर काळी पिशवी बघून वेग कमी करतो. आपल्याला तर समोर काठी उंचावलेला माणूसच दिसतो.

फोटो काढायचा तर आधी विचारा. तुमच्या घरात शिरून कुणी तुमच्या स्वयंपाकघराचा फोटो काढला तर चालेल का? पालाला भिंती नसल्या तरी ते घरच आहे. आणि मावळात तुमचं घर असेल, आणि घागर घेऊन कुणी मावशी दाराशी आल्या, तर नळ सोडून द्या. सामडिनिकेनं तर अख्खं टाकं दिलं होतं!

आता या आठवड्याचा उद्योग. एका कागदावर घोडा काढा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पोतं. तुमच्या घरातल्या कुठल्या वस्तू त्या दोन पोत्यांत घ्याल, त्याची यादी करा. सात महिने पुरायला हव्यात आणि रोज सकाळी तुम्हालाच बांधायच्या आहेत, हे विसरू नका. यादी झाली की आई-बाबांना वाचून दाखवा. टीव्ही लिहिला असेल तर तो आधी खोडा!

आणि आजी-आजोबांना एक प्रश्न जरूर विचारा. 'आपल्या शेतात कधी मेंढ्या बसवायचे का? कोण यायचं? त्यांना आपण काय द्यायचो?' जे उत्तर मिळेल ते वहीत लिहून ठेवा आणि आम्हालाही कळवा. कुणाकुणाच्या शेतात बिऱ्हाडं उतरत होती, याची एक मोठी यादी आपण मिळून करू.